कॅमेऱ्याला बोट आहे का?

‘डॉक्टरबाई, वासरू कासेखाली उभं दिसलं म्हणजे प्यालंच, असं धरून चालू नका. तोंडात बोट घालून बघत जा,’ असं मामांनी तिला बजावलं होतं. तिनं ते या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं. वर हसून म्हणालीसुद्धा, ‘मामा, आता कॅमेरे बसवलेत आपण. चोवीस तास बघत असतात ते.’

मामांनी हातातली बादली खाली ठेवली, छताच्या कोपऱ्यातल्या त्या काळ्या डोळ्याकडे मान वर करून पाहिलं आणि विचारलं, ‘त्याला बोट आहे का?’

या गोष्टीला दीड वर्ष होऊन गेलं.

मामा खरं म्हणजे कुणाचेच मामा नव्हते. विद्यापीठाच्या गोठ्यात तीस वर्षं काढलेला, मोठ्या कानांचा, किडकिडीत, एकटा माणूस. आल्या-गेल्या विद्यार्थ्यांनी मामा म्हणायला सुरुवात केली आणि मग कुलगुरूसुद्धा मामाच म्हणू लागले. ती तरी कुठे डॉक्टर झाली होती! प्रबंध अजून अर्धा कागदावर आणि अर्धा डोक्यात होता. पण मामा तिला पहिल्या दिवसापासून डॉक्टरबाई म्हणत. ‘आत्तापासून सवय लावून घेतो. पुढे जिभेला जड जायला नको,’ हे त्यांचं कारण.

विभाग होता प्राण्यांच्या रोगप्रतिकारशक्तीचा. लांबलचक बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या आणि जिना चढून आल्याबरोबर समोर एक पांढरा फळा. त्यावर ‘संशोधनाचे विषय’ असं लिहून खाली विभागप्रमुख मॅडमच्या टपोऱ्या अक्षरात चार ओळी. पहिली कोंबड्यांची, दुसरी माशांची, तिसरी मेंढ्यांच्या जंतांची आणि सगळ्यात खाली, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पिशव्या घासून कायम निम्मी पुसलेली, तिची: ‘नवजात वासरं आणि आईचा चीक.’

कोंबड्यांवर काम करणारा तिच्याच बरोबरीचा होता, त्याला सगळे कोंबडीवाला म्हणत. कोंबडीच्या शेपटाजवळ एक इवलीशी पिशवी असते, रोगाशी लढणाऱ्या पेशी तिथे शिकून-सवरून तयार होतात. ती पिशवी म्हणजे त्याचं सर्वस्व. ‘लोक हृदयात डोकावतात, मेंदूत डोकावतात,’ तो चहाच्या वेळी उसासा टाकून म्हणायचा, ‘माझी उमेदीची वर्षं शेपटाखाली चाललीयत.’

तिचा विषय ऐकायला सोपा होता. माणसाचं मूल आईच्या पोटात असतानाच वारेतून तिची प्रतिपिंडं, म्हणजे रोगाशी लढणारी शिबंदी, बरोबर घेऊन येतं. गाईच्या वासराला ती सोय नाही. ते येतं ते अगदी कोरं. जे काही मिळायचं ते आईच्या पहिल्या दाट, पिवळसर दुधातून, चिकातून. आणि तेही वेळेत. पहिले काही तास वासराच्या आतड्याची दारं सताड उघडी असतात. मग एकेक मिटत जातं आणि दिवस उलटला की कुलूप. त्यानंतर बादलीभर चीक पाजा, पोट भरेल, शिबंदी आत जाणार नाही.

वासरू आपल्या आपण किती मिनिटं पितं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या रक्तात किती उतरतं, याचा ताळमेळ ती लावत होती. त्यासाठीच कॅमेरे. सकाळी येऊन चित्रण बघायचं, वासराचं डोकं कासेखाली किती मिनिटं होतं ते मोजायचं, वहीत उतरवायचं. गोठ्यात जाऊन गाईला बुजवायचं नाही की वासराला हात लावायचा नाही. काम कसं नीटनेटकं.

फक्त ताळमेळ लागत नव्हता. कुठलं वासरू दहा मिनिटांत मालामाल, तर कुठलं वीस मिनिटं पिऊन कोरडं ठणठणीत. मॅडम म्हणायच्या, ‘आकडे तुला काहीतरी सांगतायत गं. तू ऐकत नाहीयेस.’ एक वासरू तर हगवण लागून पाचव्या दिवशी गेलं. ‘जन्मतःच अशक्त,’ असं तिनं वहीत लिहिलं. मामांनी ते वासरू उचलताना तिच्याकडे नुसतं पाहिलं.

मग ती स्वतःच बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि आठ महिन्यांनी परतली ती एक वेगळीच बाई होऊन.

घरी आता ठमी होती. ठमी हे काही तिचं पाळण्यातलं नाव नाही, पण गालांकडे बघून आजीनं ठेवलं आणि तेच चिकटलं. ठमीची एक वही होती. किती वाजता प्याली, कुठल्या बाजूला, किती मिनिटं, शी कधी, शिंका किती. नवरा म्हणायचा, ‘हिच्या शिंकांचा आलेख काढणार आहेस का?’ तर तिनं खरंच काढलेला होता. ठमीला सांभाळायला आलेल्या सासूबाई ती वही उघडीसुद्धा करत नसत.

‘आई, दुपारी नीट प्याली ना? किती मिनिटं?’

‘मिनिटं माझ्याकडे नाहीत, ती तुझ्याकडे. मी मुठी बघते. भुकेल्या पोराच्या मुठी आवळलेल्या असतात, पोट भरलं की हात फुलासारखे उघडतात. तुझ्या नवऱ्याला असाच वाढवलाय. अजून जेवण झालं की हात पसरून झोपतो की नाही बघ!’

ती हसायची आणि वहीत लिहायची: ‘मुठी उघड्या (आजींच्या सांगण्यावरून).’

ज्या दिवसाची ही गोष्ट, त्या दिवशी मामा गोठ्यात नव्हते. पाचच दिवसांपूर्वी त्यांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता. भाच्यानं दवाखान्यातून घरी आणून सोडलं, दोन दिवस राहिला आणि आपल्या कामावर गेला. महिनाभर शेण, धूळ, वाकणं सगळं बंद. बदली माणूस दोन वेळा यायचा, गोठा धुवायचा आणि जायचा.

आणि नेमकी त्याच सकाळी सव्वासहाला एक तांबडी गाय व्याली. पहिलटकरीण. कालवड झाली. कपाळावर पांढरा ठिपका होता म्हणून तिचं नाव लगेच चांदणी पडलं. डॉक्टरबाईंच्या अभ्यासातलं हे चोविसावं, म्हणजे शेवटचं वासरू. हे झालं की मोजणी संपली, प्रबंध लिहायला मोकळी.

नऊ वाजता येऊन तिनं चित्रण पाहिलं. चांदणी पाऊण तासात धडपडत उभी राहिली, आईच्या पोटाला ढुशा देत मागे सरकली आणि मागच्या मांडीआड तिचं डोकं कासेखाली गेलं. शेपूट हलत होतं. एकूण सव्वीस मिनिटं. तिनं लिहिलं: ‘कासेला लागली. २६ मिनिटं. उत्तम.’ ‘उत्तम’खाली रेघही मारली.

दीड वाजता डबा घेऊन ती मुद्दाम गोठ्यावरून गेली. कारण काही नाही. नव्या आयांना दुसऱ्याची पोरं बघितल्याशिवाय राहवत नाही, एवढंच. चांदणी पेंढ्यावर मुटकुळं करून पडली होती. तिनं टाळी वाजवली. चांदणी उठली, पाय फाकवून उभी राहिली, पाठ वर उचललेली, आणि पुन्हा बसली.

एवढंच झालं. पण ती डबा खाली ठेवून बघत राहिली. घरी ठमी झोपेतून उठली की आधी अंगाला लांबलचक ताण देते, बोटाच्या टोकापर्यंत. या पोरीनं आळससुद्धा दिला नव्हता.

वही म्हणत होती उत्तम. चित्रण म्हणत होतं सव्वीस मिनिटं. तिनं मामांना फोन लावला.

‘बोला डॉक्टरबाई!’ आवाज खणखणीत. ‘एका डोळ्यानं जग बघतोय, पण बघतोय!’

‘मामा, बरे आहात ना? थेंब घालताय ना वेळच्या वेळी?’

‘चारदा. घड्याळ लावून. माझं सोडा, आवाज का असा पडलाय?’

तिनं सांगितलं.

‘उठल्यावर आळस देते?’

‘नाही.’

‘गाईची कास बघा. सडांची टोकं ओली, स्वच्छ दिसतायत का? वासरू प्यालं असेल तर सड चाटून-पुसून लख्ख होतात.’

ती वाकली. कास सुजून दगडासारखी झाली होती, पहिल्या वेताला होते तशी. चारही सड आखूड, ताठ, आणि टोकाला मेणासारखं पिवळं बूच तसंच. धूळ बसलेलं.

‘आता ते करा,’ मामा हळूच म्हणाले. ‘दीड वर्षापूर्वी सांगितलं होतं ते.’

तिनं हात धुतले आणि चांदणीच्या तोंडात दोन बोटं घातली. तिला माहीत होतं, धडधाकट वासरू बोट असं ओढतं की खांद्यापर्यंत जाणवतं. तोंड गार होतं. जीभ बोटांना जराशी चिकटली आणि सुटली.

‘मामा...’

‘रडू नका. रडायला रात्र पडलीय. किती तास झाले?’

‘सव्वासात.’

‘म्हणजे दारं अजून लागलेली नाहीत. पळा.’

ती पळाली ती आधी मॅडमकडे. जाता जाता मोबाइलवर ते चित्रण पुन्हा लावलं, मोठं करून. आता दिसत होतं, आता इतकं ढळढळीत दिसत होतं की आपण सकाळी काय बघितलं असा प्रश्न पडावा. मांडी आणि कास यांच्या मधे कातडीची एक सैल घडी असते. चांदणी सव्वीस मिनिटं ती घडी चोखत होती. शेपूट हलवत, मनापासून, कातडं.

मॅडम परीक्षेचे पेपर तपासत होत्या. तिनं एका दमात सगळं ओतलं.

‘हातानं चीक पाजलास तर अभ्यासातून जाईल ती,’ मॅडम चष्म्यावरून म्हणाल्या. ‘चोवीसऐवजी तेवीस. आणि तुला कळतंय ना, तिची मिनिटं खोटी तर बाकीच्या तेवीस जणांचीही पुन्हा बघावी लागतील. वर्ष गेलं समज.’

‘कळतंय, मॅडम. जाऊ दे.’

‘मग इथे माझं तोंड काय बघत उभी आहेस? पळ!’

दारात कोंबडीवाला उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. बोळात कुठलीच गोष्ट भिंतीआड राहत नसे. ‘मी येतो,’ म्हणाला. ‘फक्त गाय माझ्याकडे बघणार नाही एवढी काळजी घे.’

तांबडी गाय कुणाकडे बघायच्या मनःस्थितीत नव्हती. सुजलेल्या कासेला हात लावताच तिनं अशी लाथ झाडली की बादली भिंतीवर आणि कोंबडीवाला गव्हाणीत. मामांना पुन्हा फोन लावून तो पेंढ्यावर ठेवला होता, त्यातून ते ओरडले, ‘तिच्या नादी लागू नका! दुखतंय तिला! फ्रीजरमध्ये खालच्या खणात बघा!’

खालच्या खणात चपट्या पिशव्या होत्या. जुन्या, अनुभवी गाईंचा जास्तीचा चीक. प्रत्येकीवर मामांचं वाकडंतिकडं अक्षर: ‘म्हातारी पांढरी. एक नंबर.’ ‘काळी, शिंगमोडकी. बरा.’ तीस वर्षं हा माणूस कुणी न सांगता ही बेगमी करत आला होता आणि तिच्या अभ्यासाच्या आराखड्यात या फ्रीजरचा उल्लेखही नव्हता.

‘म्हातारी पांढरी’च्या दोन पिशव्या घेतल्या. कोंबडीवाल्यानं किटलीत पाणी उकळायला ठेवलं.

‘उकळतं नको!’ ती किंचाळली. ‘सगळी प्रतिपिंडं अंड्यासारखी उकडून निघतील!’

‘अंड्यातलं मला शिकवू नकोस,’ तो म्हणाला, पण किटली बंद केली.

कोमट पाण्यात पिशव्या फिरवत बसायचं. ठमीच्या अंघोळीचं पाणी बघायची तसं ती कोपर बुडवून बघत होती. बर्फ वितळायला तासभर लागला. तो तास किती मोठा होता हे तिला अजून सांगता येत नाही. तिच्या डोळ्यांसमोर एकामागून एक दार बंद होत होतं आणि प्रत्येक दाराआड तिनं रेघ मारलेलं ‘उत्तम’ उभं होतं. आणि ते दुसरं वासरू. ‘जन्मतःच अशक्त.’ ते अशक्त नव्हतं; ते उपाशी होतं.

साडेतीनला बाटली भरली. चांदणीनं बाटलीचं रबरी बूच तोंडात घेतलं आणि सोडून दिलं. पुन्हा दिलं, पुन्हा सोडलं. चीक हनुवटीवरून गळून पेंढ्यात गेला.

‘पीत नाहीये, मामा. नळी घालायला डॉक्टरांना बोलवू?’

‘बोलवा, पण ते येईस्तोवर एक करून बघा. गाय वासराला चाटते कुठे? मागून. तिथं चाटलं की पोराला पिण्याची आठवण होते. कुणीतरी शेपटाच्या बुडाशी खाजवा.’

कोंबडीवाला ताठ झाला. डोक्यातला पेंढा झटकून, बाह्या सरसावून तो चांदणीच्या मागे बसला. ‘शेपटाजवळ?’ तो म्हणाला. ‘हा तर माझा विषय.’

तो खाजवू लागला. तिनं बूच पुन्हा तोंडात सरकवलं. काही नाही. काही नाही. मग जीभ किंचित वळली, बुचाभोवती पन्हळ झाली आणि बाटलीत एक बुडबुडा वर गेला. मग दुसरा. मग चांदणीनं अशी ढुशी दिली की तिच्या हातातून बाटली सुटता सुटता राहिली.

‘पितेय! मामा, पितेय!’

‘बोट?’

‘बोट कशाला, बाटली ओढून नेतेय!’

मग मामा म्हणाले, ‘खाजवणाऱ्याला सांगा, थांबू नकोस.’

डॉक्टर आले तोवर दोन बाटल्या संपल्या होत्या. त्यांनी गाईला सूज उतरायचं औषध दिलं, मिश्या चाचपल्या आणि म्हणाले, ‘उद्या रक्त सांगेल.’

दुसऱ्या दिवशी रक्ताचा वरचा पिवळा पाणीदार भाग काढून त्याचा एक थेंब तिनं रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर ठेवला. हे यंत्र म्हणजे दुर्बिणीचं पिल्लू. खिडकीकडे धरून बघायचं. आत वर निळं, खाली पांढरं आणि मधली सीमा जिथे पडेल तो रक्तातल्या प्रथिनांचा आकडा. पाच पूर्णांक दोनच्या वर, तर पोरगी तरली म्हणायची. आकडा दिसला तरी तिनं काच पुसून दुसरा थेंब ठेवला, मग तिसरा. शेवटी मॅडमनी मागून तिचं मनगट धरलं.

‘पाच पूर्णांक चार,’ ती म्हणाली.

‘काठावर पास,’ मॅडम म्हणाल्या. ‘मीही तशीच झाले होते.’ आणि तिच्या पाठीवर एक थाप मारून निघून गेल्या.

तिनं ताबडतोब मामांना फोन केला. ‘मामा, चांदणी पास!’

‘मला माहीत होतं.’

‘मामा, जेवलात?’

‘झालं की माझं.’

‘थेंब?’

‘चारदा, घड्याळ लावून. सांगितलं ना.’

तिनं फोन ठेवला, वहीकडे हात नेला आणि हात तिथेच थांबला. ‘झालं की माझं’ हे तिनं पाहिलं होतं? पाच दिवस रोज फोन करून ती मामांची चौकशी करत होती, ते रोज मस्त आहे म्हणत होते आणि तिच्या मनातल्या वहीत रोज ‘उत्तम’खाली रेघ पडत होती. फोन तरी काय, कॅमेराच की. त्याला कुठं बोट आहे?

संध्याकाळी घरी जाऊन तिनं सासूबाईंना सांगितलं, तर त्यांनी प्रश्न न विचारता डबा भरला. ‘चल. ठमीलाही घे. म्हाताऱ्या माणसांना पोर दिसलं की खोटं बोलवत नाही.’

मामांची खोली विद्यापीठाच्या मागच्या फाटकाशी, कामगारांच्या चाळवजा बैठ्या घरांत. दार उघडंच होतं. मामा खाटेवर बसलेले, ऑपरेशननंतर डोळ्यावर बांधलेलं हिरवं पटकूर कपाळावर सरकवलेलं. ठमीला बघून त्यांचं तोंड कानापर्यंत फाकलं. पण उजवा डोळा टोमॅटोसारखा लाल होता, आणि गालावर डोळ्यापासून हनुवटीपर्यंत एक वाळलेला, चकाकणारा ओघळ.

सासूबाईंनी चुलीजवळ जाऊन पातेल्यावरचं झाकण उचललं. आत कालचं, की परवाचं, दूध फाटलेलं. बाजूला पाव, एका कोपऱ्यानं कुरतडलेला. त्यांनी झाकण परत ठेवलं आणि सुनेकडे बघून मान हलवली.

‘मामा, थेंब कसे घालता, दाखवा बरं,’ ती म्हणाली.

‘त्यात काय दाखवायचं?’ मामांनी मान मागे टाकली, बाटली डोळ्यावर धरली आणि थेंब पडायच्या आधी, अगदी अर्धा क्षण आधी, पापणी गच्च मिटली. थेंब पापणीवर पडला, गालावरून ओघळला आणि कानाच्या पाळीपाशी जाऊन लटकला. ‘झालं!’ मामा म्हणाले.

तिला हसू आलं आणि रडूही, दोन्ही एकदमच आलं. ती त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसली.

‘मामा, थेंब डोळ्यापाशी दिसला म्हणजे डोळ्यात गेला, असं धरून चालू नका.’

मामा तिच्याकडे बघत राहिले. एका डोळ्यानं, पण चांगले लख्ख. मग त्यांचे ते मोठे कान हळूहळू लाल झाले.

‘मारा,’ ते म्हणाले. ‘मारा चार टोमणे. तेवढा हक्क झाला आता तुमचा.’

‘टोमणे नंतर. आधी डोळ्यांचे डॉक्टर.’

डॉक्टरांनी डोळ्यात उजेड टाकून पाहिलं आणि म्हणाले, सूज आत शिरायला लागलीय, अजून दोन-तीन दिवस असेच काढले असते तर मी काही सांगू शकलो नसतो. आलात वेळेत. दारं अजून लागलेली नव्हती, असं तिच्या मनात आलं, पण ते तिनं मनातच ठेवलं. त्या रात्री सासूबाईंनी डब्यातलं सगळं मामांना समोर बसवून खाऊ घातलं. ‘जेवलो’ म्हणाले की ताट वाकडं करून बघायच्या. ठमी मामांच्या मांडीवर झोपून गेली, दोन्ही हात उघडे टाकून.

दुसऱ्या दिवशी तिनं विभागातला फळा धुऊन काढला. ‘संशोधनाचे विषय’ तेवढं ठेवलं आणि खाली नव्यानं लिहिलं: कोंबड्या, सकाळी आठ. मासे, दुपारी बारा. जंत, चार. वासरं, रात्री आठ. ज्याची वेळ त्यानं मामांकडे जायचं, खालची पापणी बोटानं ओढायची, एक थेंब आत टाकायचा, आत गेलेला बघायचा आणि पातेल्याचं झाकण उचलून यायचं. कोंबडीवाला पहिल्या दिवशी जाऊन आला आणि म्हणाला, ‘शेपटापासून डोळ्यापर्यंत आलो. बढतीच झाली म्हणायची.’ त्याच आठवड्यात बाहेरचे एक प्राध्यापक विभाग बघायला आले. फळ्यापुढे उभे राहून त्यांनी गंभीरपणे विचारलं, ‘माशांवर दुपारी बारालाच प्रयोग का?’ मॅडम तितक्याच गंभीरपणे म्हणाल्या, ‘त्याला कारणं आहेत.’

डोळा बरा झाला. चांदणी आता दावं तोडून अंगणभर उधळते. इकडे डॉक्टरबाईंनी तेवीसच्या तेवीस चित्रणं पुन्हा बघितली, मांडीआडच्या प्रत्येक मिनिटाला संशयानं मोजलं, आणि सात वासरं कातडं नाहीतर हवा चोखत होती असं निघालं. ताळमेळ लागला. प्रबंधाचा विषयच आता तो झालाय: कासेला दिसणं आणि खरंच पिणं यांतलं अंतर. ते जे वासरू गेलं, त्याच्यापुढचं ‘जन्मतःच अशक्त’ तिनं खोडलं आणि ‘माझ्याकडून बघायचं राहिलं’ असं लिहिलं. मॅडम म्हणाल्या, असं शास्त्रीय भाषेत लिहीत नाहीत. मग म्हणाल्या, राहू दे.

आता प्रश्न आहे तो पुढच्या महिन्याचा. मामांचा डावा डोळा करायचाय. आणि नेमकं त्याच आठवड्यात तिला हे सगळं चार शहाण्या लोकांपुढे मांडायला परगावी जायचंय, ठमीला आणि सासूबाईंना घेऊन. कोंबडीवाल्याची पिल्लं त्याच दिवसांत अंड्यातून बाहेर येणार, त्यामुळे सकाळची वेळ सांभाळून रात्रीचीही घेणं त्याला जमणार नाही. म्हणजे रात्री आठची वेळ मोकळी राहते.

तेव्हा तिचं तुम्हाला एवढंच मागणं आहे. मागच्या फाटकाजवळून जाणं होत असेल तर डावीकडची तिसरी खोली. मोठ्या कानांचा माणूस दार उघडेल आणि काही विचारायच्या आत ‘झालं की माझं’ म्हणेल. त्यावर जाऊ नका. पापणी ओढा, थेंब आत पडलेला बघा, झाकण उचला. आणि ते फाटक तुमच्या वाटेवर नसेल, तर तुमच्या वाटेवर जे दार असेल, ज्याच्या पलीकडून फोनवर रोज खणखणीत आवाज येतो, तिथे जा. आज फोन करू नका. जाऊन बघून या.